जमीन कोणाच्या बाजूने?

बोरी अरबजवळ अडाण नदीच्या पात्रात एक लढाई मांडायची आहे, असं समजा. दारव्हा तालुक्यातलं हे नदीकाठचं गाव. टेबलाभोवती चार खेळाडू, मध्ये फासे, आणि पलीकडच्या काठावर सहा लुटारू. खेळ चालवणाऱ्याने एवढंच सांगितलं की, ‘समोर सहा जण आहेत, तलवारी उपसल्या आहेत,’ तर पुढे काय होणार हे हा खेळ खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याची पाळी येते तो जवळच्या लुटारूपुढे जाऊन उभा राहतो, वीस बाजूंचा फासा टाकतो, लागलं तर नुकसान मोजतो आणि पुढच्याची पाळी येते. चौथ्या फेरीपर्यंत कुणाच्या तरी हातात मोबाइल आलेला असतो.

आता लुटारू तेच ठेवा, तलवारीही त्याच. फक्त एवढं जोडा: नदीवर अरुंद रपटा आहे, दोन्ही बाजूंना गढूळ पाणी आहे, पलीकडची दरड दहा फूट उंच आहे आणि तिच्यावर बाभळी आहेत. लगेच टेबलावरचे प्रश्न बदलतात. ‘तिथून मी त्याला दिसतो का?’ ‘पाणी किती खोल आहे?’ ‘बाभळीला दोर बांधता येईल का?’ या पुस्तकाचा विषय हा बदल आहे. रोल-प्लेइंग गेममधल्या लढाईत जमिनीला कामाला कसं लावायचं, एवढाच त्याचा आवाका. माझ्या मते या खेळातली सगळ्यात कमी वापरली जाणारी ताकद तीच आहे.

खेळ नवीन असलेल्या वाचकासाठी दोन शब्द. एक जण डीएम होतो. तो जग उभं करतो आणि त्या जगातल्या बाकी सगळ्यांचे निर्णय घेतो. उरलेले खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, जिथे यशाची खात्री नाही तिथे फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराला रूप आलं. आज असे खेळ पुष्कळ आहेत. या पुस्तकात नियमांचे आकडे त्याच खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले घेतले आहेत, कारण बहुतेक टेबलांवर ते ओळखीचे असतात. तुमचा खेळ वेगळा असेल तर आकडे बदला. जमिनीबद्दलचं म्हणणं तेच राहील.

या खेळाच्या वंशावळीत जमीन फार आधीपासून आहे. आपल्याकडच्या चतुरंगातून बुद्धिबळ निघालं, पण त्याचा पट सपाट. चौसष्ट घरं सगळी सारखी; हत्तीला चिखल लागत नाही, घोड्याला नदी आडवी येत नाही. जर्मनीतल्या ब्राउन्श्वाइगच्या योहान हेलविग या गणिताच्या शिक्षकाला हे खटकलं. १७८० मध्ये त्याने बुद्धिबळावर आधारलेला युद्धखेळ छापला. त्याचा पट १६१७ घरांचा होता आणि घरांचे रंग डोंगर, दलदल, पाणी असे जमिनीचे प्रकार सांगत. घर बदललं की सोंगटीची चाल बदलायची. पुढे १८१२ मध्ये प्रशियाच्या राजापुढे बॅरन फॉन राइस्विट्झने एक टेबल मांडलं, ज्यावर प्लास्टरचे रंगवलेले तुकडे हवे तसे जुळवून टेकड्या, नद्या आणि गावं उभी करता येत. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये हा खेळ खऱ्या नकाशांवर आणला, १:८००० प्रमाणाच्या. त्यात फासे होते आणि दोन्ही बाजूंचं ऐकून निर्णय देणारा पंच होता. आजच्या डीएमचा पणजोबा हाच. गायगॅक्सच्या घरच्या तळघरातही वाळूचं टेबल होतं. डोंगर हाताने रचायचे आणि त्यावर शिशाचे सैनिक मांडायचे.

मग लढाई किल्ल्याखालच्या भुयारात शिरली आणि जमीन आक्रसली. भुयार चालवायला सोपं असतं. भिंती असतात, दार असतं, खोली चौकोनी असते, चौकटीच्या कागदावर पाच मिनिटांत काढून होते. नवा डीएम तिथूनच सुरुवात करतो आणि तसं करावंही. पण पुष्कळ जण त्या चौकोनी खोलीतच राहतात. बाहेर माळावर लढाई झाली तरी तो माळ भिंती नसलेल्या खोलीसारखा रिकामाच असतो.

या पुस्तकात एक म्हणणं मी पुन्हा पुन्हा मांडलं आहे, ते इथेच सांगून टाकतो. लढाईतल्या जागेला किंमत हवी. जी जागा नुसता फायदा देते तिथे सगळेच जाऊन बसतात; जी नुसता तोटा देते तिच्याकडे कुणी फिरकत नाही. दोन्हीत खेळाडूला विचार करावा लागत नाही. जी जागा काही देते आणि त्याबदल्यात काही मागते, तिथेच तो थबकतो, शेजारच्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘जाऊ का?’ तो थबकला की समजा जागा चांगली रचली आहे.

नियमांत याचा कच्चा माल तयार आहे. अवघड जमिनीवर प्रत्येक फुटाला दोन फूट मोजायचे, म्हणजे एका पाळीत तीस फूट चालणारा पंधराच चालतो. अर्ध्या आडोशाने बचावाचा आकडा, म्हणजे नेम लागायला फाशाच्या बेरजेने गाठायचा आकडा, दोनने वाढतो, पाऊण आडोशाने पाचने. पूर्ण आडोशामागच्याला थेट नेम धरता येत नाही. दर दहा फूट पडण्याला सहा बाजूंचा एक फासा. आडव्या पडलेल्यावर लांबून नेम धरणाऱ्याला दोन फासे टाकून कमीचा घ्यावा लागतो. अगदी जवळ असलेला मात्र दोन टाकून जास्तीचा घेतो. उंचावर उभं राहण्याचा वेगळा फायदा मूळ नियमांत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ च्या संगणकी खेळाने उंचावरून नेम धरणाऱ्याला दोन अधिक दिले, तेव्हापासून बरेच डीएम तसं करू लागले आहेत. मला ते पटत नाही. उंचीवरून लांबचं दिसतं, खालच्याला चढून यायला पाळी घालवावी लागते, आणि वरच्याला ढकललं तर तो पडतो. एवढ्यात उंचीचा जमाखर्च पुरा होतो. वर आणखी दोन दिले की किंमत बुडते आणि सगळे झाडावर चढतात.

मराठी वाचकाला जमिनीच्या लढाईची ओळख करून द्यायची गरज नाही. आपला इतिहास खिंडींनी आणि घाटांनी भरलेला आहे. तरी पावनखिंडीचं उदाहरण टेबलावर नेताना एक गोष्ट हमखास सुटते. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली ती शत्रू संपवण्यासाठी नव्हे. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंतचा वेळ काढायचा होता. अरुंद वाटेने शत्रूची संख्या निकामी केली आणि उद्दिष्टाने त्या अरुंद वाटेला अर्थ दिला. नुसती खिंड आखून ‘सगळ्यांना मारा’ म्हणाल तर तीच खिंड रटाळ होते: पुढे दोघे लढतात आणि मागचे पाळीची वाट बघत बसतात.

मला मात्र डीएमसाठी पावनखिंडीपेक्षा उंबरखिंड जास्त शिकवणारी वाटते. शाइस्ताखानाने पुण्याहून कारतलबखानाला कोकणात पाठवलं. मोठी फौज, घोडी, ओझ्याची जनावरं असं सगळं घेऊन तो कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला. २ फेब्रुवारी १६६१ ला आजच्या खालापूर तालुक्यात, दाट झाडीतल्या चिंचोळ्या वाटेवर तो सापडला. पुढची वाट बंद, मागची बंद, दोन्ही अंगांच्या उंचवट्यांवर मराठे, आणि पाण्याचा तुटवडा. त्याच्या संख्येचं त्याला ओझं झालं, कारण पुढच्या तुकडीला मागची मदत करू शकत नव्हती. या फौजेत माहूरची रायबागन होती, सावित्रीबाई देशमुख. तिने खानाला सांगितलं की हट्ट सोड, शरण जा. खानाने अभय मागितलं, ते मिळालं, आणि घोडी-खजिना तिथेच ठेवून फौज जिवानिशी बाहेर पडली. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने आला आहे.

माहूर म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरच, पैनगंगेपलीकडे. बोरी अरबची अडाण ज्या पैनगंगेच्या खोऱ्यातली, तिच्याच काठच्या मुलखातल्या या बाईने सह्याद्रीतली ती वाट खानापेक्षा बरोबर वाचली. रायबागनची आठवण मी प्रत्येक नव्या डीएमला करून देतो. जमिनीच्या जोरावर खेळाडूंना कोंडीत पकडणं डीएमला फार सोपं असतं, कारण जमीन त्याच्याच हातात आहे. चहूबाजूंनी बंद केलेली खिंड म्हणजे लढाई नव्हे, शिक्षा आहे. शिवाजी महाराजांनी कोंडी पुरी केली आणि एक दार ठेवलं. त्या दाराची किंमत होती सगळा खजिना. तुमच्याही पटावर असं एक दार हवं आणि ते खेळाडूंना शोधता यायला हवं. कधी ते पळून जायचं असेल, कधी बोलणी करायचं. टेबलावर एक तरी रायबागन असते. तिचं ऐकलं जाईल असं वातावरण ठेवा.

विदर्भातल्या खेळाडूंकडून एक तक्रार नेहमी येते: आमच्याकडे घाट नाहीत, खिंडी नाहीत, सगळी सपाट काळी जमीन. तिथे कसली मोक्याची जागा? या तक्रारीला मी दोन प्रकरणं दिली आहेत, कारण माझ्या मते खरी मजा सपाटीवरच आहे. सह्याद्रीत जमीन ओरडून सांगते. सपाटीवर ती वाचावी लागते.

त्या प्रकरणांतली दोन्ही उदाहरणं १८०३ ची आहेत, आणि शत्रूच्या बाजूची असली तरी शिकण्यासारखी. २३ सप्टेंबरला असईजवळ इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीसमोर केळणा नदी होती. पलीकडे शिंदे-भोसल्यांची फौज आणि भक्कम तोफखाना. जवळपास उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इतकी जवळची गावं एकमेकांकडे ये-जा करत असणारच, म्हणजे इथे उतार असणार, हा त्याचा अंदाज. तो खरा निघाला आणि फौज तिथूनच पार झाली. खेडेगावात वाढलेल्या कुठल्याही मुलाला हे सुचलं असतं: पल्याडच्या गावात मामा असेल तर नदी कुठे पायी ओलांडायची हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. खेळाडूने असा तर्क चालवला तर फासा मागू नका. ‘हो, आहे उतार,’ म्हणा आणि पुढे चला. नकाशावर तुम्ही उतार काढला नसला तरी. जमीन वाचणाऱ्याला तिने उत्तर दिलंच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी कुणी वाचणार नाही.

दुसरं उदाहरण वऱ्हाडातलंच, २९ नोव्हेंबरचं अडगाव, आजच्या अकोला जिल्ह्यातलं. मराठ्यांच्या तोफांचा पहिला मारा सुरू होताच वेलस्लीच्या काही पलटणी उधळल्या. त्यांना आवरून पुन्हा उभं केल्यावर हल्ल्याची वेळ येईपर्यंत त्याने पायदळाला जमिनीवर आडवं पडायला लावलं. मोठा आडोसा त्या मैदानात नव्हताच. जमिनीचा जेवढा चढउतार मिळाला तेवढा घेतला. आडव्या पडलेल्याचा जो नियम वर सांगितला तो इथे प्रत्यक्ष दिसतो, आणि त्याची किंमतही: आडवा पडलेला माणूस उठेपर्यंत निम्मी चाल घालवतो, आणि तेवढ्यात घोडेस्वार अंगावर आला तर तो गेलाच.

आता बोरी अरबचा पट पुरा मांडू, म्हणजे पुढच्या प्रकरणांचा अंदाज येईल. रपटा आणि त्यावरची लढाई माझ्या कल्पनेतली आहे. नदी आणि काळी माती तेवढी खरी. एक चौकट म्हणजे पाच फूट. रपटा बारा चौकटी लांब, दोन चौकटी रुंद. खेळाडूंजवळ कापसाने भरलेली बंडी आहे आणि ती पलीकडे न्यायची आहे. बैल एका फेरीत चार चौकटी चालतात, म्हणजे कोरड्या रपट्यावरून तीन फेऱ्यांत पार. पण वर वाशिमकडे जोराचा पाऊस झाला आहे आणि पाणी चढतं आहे. तिसऱ्या फेरीपासून रपट्यावर पाणी येतं, जमीन अवघड होते आणि बैलांची चाल दोन चौकटींवर येते. पाचव्या फेरीला लोंढा येतो.

हिशोब करा. पहिल्या दोन फेऱ्यांत आठ चौकटी, तिसऱ्या-चौथ्यात दोन-दोन: बंडी चौथ्या फेरीअखेर बरोबर काठाला लागते. एक फेरी वाया गेली की लोंढा चाकाखाली. पलीकडे दरडीवर दोन तिरंदाज आहेत, रपट्याच्या तोंडाशी चौघे. बंडीच्या आडून चालणाऱ्याला पाऊण आडोसा मिळतो. समजा त्याचा बचाव पंधराचा आहे. आडोशाने तो वीस झाला. चार अधिक घेऊन नेम धरणाऱ्या तिरंदाजाला आधी वीसपैकी दहा आकडे चालत होते, आता पाचच चालतात. म्हणजे निम्मा धोका गेला. पण बंडीत कापूस आहे. पेटता बाण लागला की आडोसाच पेट घेतो आणि बैल उधळतात. आडोसा मिळाला, त्याची किंमतही दिसली. कुणी पाण्यात उतरून बाजूने काठ गाठायचं ठरवलं तर चाल निम्मी, पण दरडीखाली पोचल्यावर वरच्या तिरंदाजांना तो दिसत नाही. बाभळीच्या मुळ्या धरून चढता येतं. ओल्या काळ्या मातीवर घसरण्याचा फासा आहे. आणि दरड पुराने खालून पोखरलेली आहे. हे पहिल्याच वर्णनात सांगा: ‘दरडीच्या पायाशी मातीची ढेकळं पाण्यात सुटून पडताहेत.’ एवढ्यावरून ज्याला सुचेल तो दरड पाडायचा विचार करील.

या पटावर मी चारच गोष्टी ठेवल्या: चढतं पाणी, पेटणारी बंडी, उंच दरड, अरुंद रपटा. पाचवी ठेवायचा मोह आवरा. खेळाडूंच्या डोक्यात एका वेळी तीन-चार गोष्टीच राहतात, आणि बाकीच्या विसरल्या गेल्या की डीएमची मेहनत फुकट जाते. चारही गोष्टी पहिला फासा पडण्याआधी सांगितल्या पाहिजेत. लढाईच्या मध्यात ‘तिथे खड्डा होता’ असं सांगणं खेळाडूंना फसवल्यासारखं लागतं, आणि त्यांचं काही चुकत नाही. लपवायचंच असेल तर खूण उघड ठेवा आणि अर्थ लपवा.

शत्रूलाही जमीन वापरू द्या. लुटारूंपैकी एकाने दुसऱ्या फेरीला बंडीखाली शिरून बैलाची जोती कापायला घेतली, तर बंडी ही वापरायची वस्तू आहे हे सगळ्या टेबलाला न सांगता कळतं. नवे खेळाडू यातूनच सगळ्यात लवकर शिकतात. ‘तुम्ही झाडाचा उपयोग करू शकता’ असं त्यांना दहा वेळा सांगून जे होत नाही ते लुटारूने एकदा झाडामागून बाण मारला की होतं.

आपल्याकडच्या ऋतूंनाही मी या पुस्तकात बरीच जागा दिली आहे, कारण बाहेरच्या नियमपुस्तकांत त्या मानाने त्यांना थारा नाही. एकच शेत जूनमध्ये उघडं, ऑक्टोबरमध्ये कमरेइतक्या पऱ्हाटीचं, आणि डिसेंबरात माणूस बुडेल एवढ्या तुरीचं असतं. काळी जमीन पावसाळ्यात पाय सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिला घोड्याचा खूर अडकेल अशा भेगा पडतात. दोन्ही बाजूंना काटेरी कुपाटी असलेली पांदण म्हणजे छताशिवायचं भुयारच. पूर्वी दारव्ह्यावरून यवतमाळला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या नॅरोगेजसाठी टाकलेला भराव सपाट शिवारात उंचवटा आणि आडोसा दोन्ही देतो. तुमचा खेळ जादूगार आणि राक्षसांच्या जगातला असला तरी हे सगळं तिथे उचलून नेता येतं. राक्षसही चिखलात रुततो.

साधनांबद्दल थोडक्यात. मॉडेलं सुंदर असतात, महाग असतात आणि आवश्यक नसतात. दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या मुलांना कुणी शिकवलेलं नसतं, पण विटा, गोणपाट आणि चिखल यांतून बुरूज, तळं, चोरवाट आणि वर पेरलेल्या अळिवाचं रान उभं राहतं, आणि मावळा कुठे ठेवायचा यावर भांडणंही होतात. तेवढं पुरे. वह्या एकावर एक ठेवल्या की टेकडी, निळा दुपट्टा पसरला की नदी, काडेपेटी म्हणजे बंडी. नकाशाशिवाय, नुसत्या बोलण्यावर खेळणाऱ्यांनी फूट-चौकटी सोडून जागेला नावं द्यावीत: अलीकडचा काठ, रपटा, पाणी, दरड. एका नावाच्या जागेतून शेजारच्या जागेत जायला एक पाळी, एवढा नियम बस्स होतो.

पहिल्या प्रकरणात एकही शत्रू नाही. तिथे फक्त जागा आहेत, आणि प्रत्येकीपुढे तीन प्रश्न: इथे उभं राहून काय मिळतं, त्यासाठी काय द्यावं लागतं, आणि तीन फेऱ्यांनी इथे काय बदललेलं असेल? ते प्रकरण वाचताना तुमच्या गावची एक जागा मनात धरा. ओढा, बाजाराचा ओटा, पडकी गढी, एसटी स्टँडमागचा उकिरडा, काहीही चालेल. तिची तीन उत्तरं पेन्सिलने समासात लिहा आणि मगच दुसऱ्या प्रकरणाकडे वळा. लुटारू तिथे तुमची वाट बघताहेत.